युफ्रेझी बेदो कधी मेली?

१

‘सेंट लेजर बेटाच्या न्यायालयीन दफ्तरखान्यातून स्थापनेपासून आजतागायत एकही कागद गहाळ झालेला नाही,’ असं दफ्तरखान्याच्या दारावर पितळी पाटीत कोरलेलं होतं. पाटी तिसरी होती. आधीच्या दोन गहाळ झाल्या होत्या.

सोमवारी सकाळी दहा वाजता इग्नेशिया बेदो त्या पाटीखालून आत गेली. वय त्रेसष्ट, पैकी एकतीस वर्षं याच दफ्तरखान्यात कारकुनीत गेलेली. बेटावर साठी ओलांडलेली प्रत्येक बाई कोणाची तरी टँटी, म्हणजे मावशी, असतेच. ही सगळ्यांचीच टँटी इग्ना होती. अपवाद एकच, दफ्तरदार कॉस्मस प्रुडोम. तो तिला अजून ‘मिस इग्नेशिया’ म्हणायचा, कारण नोकरीत ती त्याला वरिष्ठ होती आणि रजेचे अर्ज फाडून टाकायची.

“माझा अर्ज गुरुवारी दिलाय, कॉस्मस.”

“तीन दिवस फलकावर लावावा लागतो, मिस इग्नेशिया. नियम आहे.”

“ठाऊक आहे. नियमाचा कागद मीच टाइप केला होता.”

अर्ज पणजीच्या फाइलचा होता. पणजी युफ्रेझी बेदो हिने मोर्न रूजची बावीस एकर जमीन घेतली. टेकडीपासून थेट समुद्रापर्यंत. ती जमीन गेली शंभर वर्षं सगळ्या वंशजांची सामाईक होती. कोणी विकायची नाही, कोणी वाटायची नाही, शेळ्या कोणीही बांधायच्या. आता एका हॉटेल कंपनीने एक बक्षीसपत्र पुढे केलं होतं. त्यावर तारीख १९०२ची. त्यात युफ्रेझीने सगळी जमीन एकट्या धाकट्या मुलाला, थेओफीलला, दिली होती. थेओफीलचा एकुलता नातू लायोनेल इंग्लंडातून येऊन हजर झाला होता आणि कंपनीला जमीन विकायला तयार होता. शुक्रवारी मॅजिस्ट्रेटबाई मोठ्या बेटावरून बोटीने येणार, सुनावणी होणार, आणि त्यानंतर सत्तावीस घरं, एक कबरस्तान आणि सगळ्या शेळ्या उठणार.

युफ्रेझीच्या थडग्यावर साल होतं १९०४. म्हणजे दगडाच्या हिशेबाने १९०२ साली ती सही करायला जिवंत होती. पण तिच्या मरणानंतर वारसांची नावं लावल्याची फाइल दफ्तरात होती. इग्नाने ती तरुणपणी एकदा पाहिली होती. कागद निळसर होता, एवढंच आठवत होतं. साल बघायचं सुचलं नाही. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती आणि तिचं लक्ष दुपारच्या सुट्टीकडे होतं.

“सूची काढ.”

“सूचीत ‘ए’पासून ‘सी’पर्यंत वाळवी लागलीय. ‘डी’पासून पुढे सगळं शाबूत आहे,” कॉस्मस अभिमानाने म्हणाला.

“मग आडनाव बदलून येऊ का?”

दोघं आतल्या खोलीत गेले. भिंतभर फळ्या, एका सालाला एक कप्पा, कप्प्यात कापडात बांधलेले रुमाल. दिवस मावळेपर्यंत त्यांनी १८८५पासून १९१५पर्यंतचा प्रत्येक रुमाल सोडला आणि बांधला. युफ्रेझी बेदो कुठेच नव्हती.

“गहाळ झाली,” इग्ना म्हणाली.

“गहाळ नाही. जागेवर नाही,” कॉस्मस म्हणाला. “इथे गहाळ काही होत नाही.”

पण रुमालांना हात लावायच्या आधीच, सकाळीच, इग्नाला एक गोष्ट दिसली होती. ती तिने कॉस्मसला सांगितली नाही. सगळ्या फळ्यांच्या कडेला बोटभर रुंद निळी रेघ होती. आठ कप्प्यांपुरतीच ती फिसकटलेली होती.

२

“नीळ कोण टाकतं रे?” तिने दार लावताना सहज विचारल्यासारखं विचारलं.

कॉस्मस ओशाळला. “मीच. गेल्या बुधवारी ताजी टाकली. मेलेल्यांचे कागद आहेत, मिस इग्नेशिया. त्यांच्या मागोमाग तेही यायला लागले तर मी एकट्याने काय करायचं? निळीला भुतं बिचकतात.”

“आणि माणसं?”

“माणसं इथे येतच नाहीत.”

“जेवणानंतर तू झोपतोस तेव्हा?”

“मी झोपत नाही. डोळे मिटून विचार करतो.”

“घोरत?”

कॉस्मसने यावर विचार केला, डोळे उघडे ठेवून. खोलीची किल्ली त्याच्या डोक्यावरच्या खिळ्याला लटकत होती. दुपारी एक ते तीन ती कोणीही घ्यावी आणि कोणीही परत लावावी, हे बेटावरच्या शेळ्यांनाही माहीत होतं.

मंगळवारी इग्ना मर्लच्या खानावळीत गेली. बाहेरगावचे दोन्ही पाहुणे तिथेच उतरले होते. लायोनेल बेदो पायरीवर बसून तळलेले मासे खात होता. पंचेचाळिशीचा, हडर्सफील्डला बस चालवणारा, जन्मात पहिल्यांदा बेटावर आलेला. उठून त्याने हात मिळवला तेव्हा इग्नाचा हात मनगटापर्यंत नाहीसा झाला.

“टँटी इग्ना! माझी वंशावळ पाहिली का? डॉक्टर गिटेन्सनी काढलीय. सात पिढ्या! भिंतीवर लावायची म्हणतोय.”

“कुठल्या भिंतीवर? आमची तर पाडतोयस.”

लायोनेलचा चेहरा पडला. “कायद्याने माझी आहे, टँटी. मी काय मागायला गेलो नव्हतो. वंशावळ करून हवी होती, डॉक्टर म्हणाले, अहो, तुमच्या नावावर तर जमीन निघतेय. मग कंपनीचं पत्र आलं.”

“आधी डॉक्टर की आधी पत्र?”

“दोन्ही एकाच आठवड्यात.” त्याने माशाचा काटा काढला. “योगायोगच म्हणायचा.”

“हो ना. पणजीच्या थडग्यावर गेलास?”

“पहिल्याच दिवशी. डॉक्टरांनी फोटो काढला. १९०४. केवढा सुंदर दगड आहे!”

“आहे खरा. माझ्या आईचाही तसाच घेतलाय. परसात पडलाय नऊ वर्षं.”

“का? बसवला का नाही?”

“सगळी भावंडं एका वेळी जमायला हवीत ना. दगड बसतो त्या दिवशी मोठं जेवण असतं, ढोल असतो. दोघं न्यूयॉर्कला, एक तुझ्या इंग्लंडात. तारीख जुळत नाही. तोवर आई गेली असं आम्ही पुरतं धरत नाही. मोठी भांडणं झाली की तिच्याच नावाने बोलतो.”

लायोनेल हसला आणि माशाकडे वळला. इग्ना मात्र त्याच्या खांद्यावरून मागे बघत होती. मर्लच्या वाळवणाच्या दोरीवर दोन चादरी, चार शर्ट आणि आभाळी रंगाच्या हातमोज्यांची एक जोडी वाळत होती.

“मर्ल, हे मोजे कोणाचे गं?”

“त्या दोघांपैकी कोणाचे तरी. कपडे एकाच टोपलीतून येतात,” मर्ल स्वयंपाकघरातून ओरडली. “पांढरे होते म्हणे. तीनदा उकळले, नीळ जात नाही!”

३

डॉक्टर पर्सिव्हल गिटेन्स बार्बाडोसचे. ते कशाचे डॉक्टर होते हे कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी आपणहून सांगून कोणाला अवघडल्यासारखं केलं नव्हतं. परदेशी गेलेल्या माणसांना त्यांचे पूर्वज शोधून देणं हा त्यांचा व्यवसाय. ते दोन आठवडे दफ्तरखान्याच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसले होते आणि पहिल्याच दिवशी त्यांनी कॉस्मसला व्याख्यान दिलं होतं: उघड्या हाताने जुन्या कागदाला स्पर्श करणं म्हणजे इतिहासाच्या थोबाडीत मारणं.

बुधवारी इग्ना त्यांच्यासमोर जाऊन बसली तेव्हा त्यांच्या पुढ्यात १८१७ची, मळ्यावरच्या गुलामांची आणि मालमत्तेची यादी होती आणि ते उघड्या हाताने इतिहासाची पानं उलटत होते.

“या, मॅडम. हे पाहा तुमचे पूर्वज.” त्यांचे हात लहान, गोरटे, नीट नखं कापलेले होते. “मारी-रोज, वय नऊ. युफ्रेझीची आई.”

इग्नाने पाहिलं. मारी-रोज पान चारवर होती. तिच्या आधी सहा बैल, तिच्यानंतर तांब्याच्या तीन कढया. शेरा होता: ‘ताप येऊन गेलेला, टिकेल.’

“टिकली,” इग्ना म्हणाली.

“कळलं नाही?”

“बैल गेले, कढया वितळल्या, ती टिकली. तिच्या लेकीने याच मळ्याचा तुकडा घेतला. आणि आता तुमची कंपनी म्हणते, उठा.”

“माझी कंपनी नव्हे, मॅडम. मी केवळ संशोधक. कागद जे बोलतात ते मी ऐकतो.”

“आतल्या खोलीतले कागदही ऐकलेत?”

“आत? छे. मला धुळीचा त्रास आहे. मिस्टर प्रुडोम इथे आणून देतात. आणि मिस्टर लायोनेल मदत करतात.” त्यांनी आवाज खाली आणला. “ते मात्र आत जात असत. मी काही म्हणत नाही.”

“काही म्हणत नाही हे छान म्हणालात. आणि फौजदारी वह्या? त्या मागवल्यात का?”

गिटेन्स खरोखर दुखावले. “सभ्य घराण्याची नावं फौजदारी वहीत नसतात, मॅडम. जमीन, लग्न, बारसं, मृत्यू: वंशावळ यातून उभी राहते. ती वही मी उघडतसुद्धा नाही.”

“बरं झालं,” इग्ना उठली. “तुमचे मोजे कुठे गेले, डॉक्टर?”

“धुवायला,” गिटेन्स म्हणाले, आणि मग फार पटकन म्हणाले, “म्हणजे हरवलेत.”

४

गुरुवारी तिने कॉस्मसला फळ्यांसमोर उभं केलं.

“सांग. रेघ कुठे फिसकटलीय?”

कॉस्मसने बोट फिरवलं. “१९०४... १९०३... दोन... एक... १९००... नव्व्याण्णव... अठ्ठ्याण्णव... सत्त्याण्णव. पुढे सगळी नीट आहे. सोमवारी आपण शोधलं तेव्हा...”

“आपण रुमाल वरून उचलले, कडेला हात लावला नाही. तुझी नीळ तुला प्यारी आहे. आता सांग, हे कोणी केलं असेल? तू?”

“मी!” कॉस्मस ओरडला. “मिस इग्नेशिया, मी माझीच नीळ फिसकटवीन?”

“नाहीच फिसकटवणार. शिवाय तुला आठ कप्पे उलटायची गरजच काय? तू बेटावरचा. थडग्यावर १९०४ असलं तर माणूस १९०४ला मेला, असं तू धरशील?”

कॉस्मस हसलाच. “काहीतरीच. ते जेवणाचं साल. मोर्न रूजवाले दगडावर तेच कोरतात. माझ्या काकाच्या दगडावर अकरा वर्षं पुढचं साल आहे. त्या हिशेबाने त्याने स्वतःच्या बायकोच्या दुसऱ्या लग्नाला हजेरी लावली असती.”

“हं. तर माझा अर्ज फलकावर वाचून जो इथे आला तो दगडावर विसंबून आला. सरळ १९०४च्या कप्प्यात हात घातला. तिथे युफ्रेझी नाही. घाबरला. १९०३, नाही. मागे मागे येत गेला. आणि थांबला तो सत्त्याण्णवला. का थांबला?”

“दमला?”

“सापडली, कॉस्मस! त्याला सापडली. आपल्याला साल माहीत नव्हतं, ते चोराने बोटाने रेघ ओढून सांगितलंय. आता फौजदारी वही काढ. १८९७.”

“ती कशाला?”

“माझी आजी सांगायची, पणजी गेल्यावर नवव्या दिवशी घरातली अकरा माणसं तुरुंगात गेली. कुठल्या वर्षी, ते तिला आठवत नव्हतं. कुठल्या दिवशी सुटली ते आठवत होतं. त्या दिवशी मक्याची उकड केली होती.”

वही जड होती, आणि वाळवीला फौजदारीत रस नसावा, कारण ती अखंड होती. इग्ना पान उलटत गेली. ऑक्टोबरमध्ये तिचं बोट थांबलं. तिने एकदा वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग ती खुर्चीवर बसली.

“काय आहे, मिस इग्नेशिया?”

“सभ्य घराणं,” ती म्हणाली.

५

शुक्रवारी न्यायालय भरलं. आत सत्तावीस घरं बसली होती, बाहेर शेळ्या. मॅजिस्ट्रेटबाईंना परतीची बोट चारला होती आणि ते त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं.

कंपनीच्या वकिलाने बक्षीसपत्र वाचलं. मग इग्ना उठली. वकील परवडला नव्हता, आणि परवडला असता तरी तिने त्याला बोलू दिलं नसतं.

“याच न्यायालयाची वही वाचते, बाईसाहेब. ‘१५ ऑक्टोबर १८९७. मयत युफ्रेझी बेदो हिच्या नवव्या दिवसाच्या प्रार्थनेत परवान्याविना ढोल वाजवल्याबद्दल अकरा इसम हजर. पुन्हा वाजवणार नाही असं लिहून दिल्यास सोडण्याची तयारी दर्शवली. सर्वांनी नकार दिला. इसम थेओफील बेदो याने विचारलं की लिहून द्यायचं तर तुरुंगात वाजवायचा की नाही तेही लिहायचं का. प्रत्येकी सात दिवस. नेताना आरोपींनी न्यायालयाच्या पायरीवर ढोल वाजवला. आणखी सात दिवस.’”

मागून कोणीतरी बाक बडवला. मग दुसऱ्याने. मॅजिस्ट्रेटबाईंनी हातोडा आपटला, तो दुर्दैवाने तालात पडला.

“थेओफील आईच्या नवव्या दिवसापायी चौदा दिवस आत बसला,” इग्ना म्हणाली. “आणि पाच वर्षांनी त्याच आईने उठून त्याला जमीन लिहून दिली, असं कंपनी म्हणते. आमची पणजी खमकी होती, बाईसाहेब, पण इतकी नाही.”

गिटेन्स उठले. “आक्षेप! किरकोळ गुन्ह्यांची वही हा मृत्यूचा पुरावा होऊ शकत नाही. ती कोणा कारकुनाने खरडलेली...”

आणि तेव्हा एकवीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा, न बोलावता, कॉस्मस प्रुडोम उभा राहिला. 

“मीही कारकूनच आहे, बाईसाहेब. ती वही खोटी असेल तर तिच्यावरून जे अकरा जण आत गेले त्यांची न्यायालयाने आधी माफी मागावी. खरी असेल तर खरी म्हणावी. तुरुंगात घालायला खरी आणि जमिनीला खोटी, असं मी माझ्या दफ्तरात चालू देणार नाही.” मग त्याला आपण काय बोललो ते कळलं आणि तो खाली बसला.

“वही खरी आहे,” मॅजिस्ट्रेटबाई म्हणाल्या. “पण मग हे बक्षीसपत्र केलं कोणी?”

सगळ्या माना लायोनेलकडे वळल्या. तो उठला, पांढराफटक. “मी नाही. शपथेवर सांगतो.”

“तू नाहीस,” इग्ना म्हणाली, आणि तिने पिशवीतून मर्लच्या दोरीवरची आभाळी मोज्यांची जोडी काढली. “फाइल चोरणाऱ्याच्या हाताला दफ्तरातली नीळ लागली. बक्षीसपत्र आणि चोरी एकाच माणसाची, कारण चूक एकच आहे: दोन्हीकडे दगड खरा धरलाय. घाल बघू हे.”

लायोनेलने प्रयत्न केला. मोजा त्याच्या अंगठ्यावर टोपीसारखा बसला. त्याने मोठा हात लांबवून मोजे गिटेन्ससमोर ठेवले.

“तुम्ही घाला, डॉक्टर.”

“मी घालणार नाही.”

“दोन आठवडे तुम्ही हात धुवायलासुद्धा हे काढत नव्हतात,” लायोनेल म्हणाला. “माझी पणजी मेलेली होती, आणि तुम्ही तिच्याकडून सही करून घेतलीत. तिच्या मुलाने ढोलासाठी तुरुंग पत्करला हे तुम्ही सात पिढ्यांत कुठेच लिहिलं नाहीत. मला तेच हवं होतं हो. मला तेवढंच हवं होतं.”

गिटेन्सनी मोज्यांना हात लावला नाही, पण खोलीची झडती घ्यायला हरकतही घेतली नाही. फाइल त्यांच्या पेटीत होती, शर्टांच्या मधोमध, खास मागवलेल्या मऊ कागदात गुंडाळलेली, कोपरे न दुमडता. मोर्न रूज बुडवायची त्यांची तयारी होती. कागदाला घडी पाडायची नव्हती.

फाइलमध्ये निळसर कागद होता. युफ्रेझी बेदो, मृत्यू ६ ऑक्टोबर १८९७. जमीन सर्व अपत्यांची सामाईक. सर्वांच्या संमतीवाचून तिच्यात कोणताही बदल करता येणार नाही.

मॅजिस्ट्रेटबाईंनी दावा फेटाळला, गिटेन्सना पोलिसांच्या हवाली केलं आणि चारची बोट गाठली. पायरीवर ढोल वाजला. परवाना कोणी काढला नव्हता.

त्या रविवारी मोर्न रूजवर सभा झाली. ज्या चुकीमुळे एवढं झालं ती सुधारायची, पणजीच्या दगडावर खरं साल कोरायचं, असा ठराव इग्नाने मांडला. लायोनेलने अनुमोदन दिलं. दगड सामाईक जमिनीत असल्यामुळे सर्व वंशजांची संमती आवश्यक होती. ब्रुकलिनच्या दोघांचं म्हणणं पडलं की जेवणाचंच साल राहावं. कॅनडातल्या एकीला दोन्ही सालं हवी होती. चौघांनी पत्राला उत्तरच दिलं नाही.

दगडावर अजून १९०४च आहे.